न पाहिलेल्या सिनेमाचं परीक्षण

आमच्या लखनऊच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक कुलकर्णी रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, पण अंकाची गाडी अजून वेळापत्रकाप्रमाणे सोडतात. श्रावणातच त्यांचा फोन आला. "सुजाताताई, तीस वर्षं फुकटात सिनेमे बघितलेत, आता लिहा. पण नटनट्यांचे किस्से पाहिजेत हाँ, तत्त्वज्ञान नको."

कुलकर्णीसाहेब, माफ करा. तीस वर्षांत नटनट्या मला सगळ्या मिळून दोन तासही भेटल्या नसतील. हॉटेलच्या हॉलमध्ये वीस पत्रकार बसवायचे, पाऊण तास उशिरा हिरो यायचा, 'लखनऊ कैसा लगा' आणि 'कबाब खाए कि नहीं' एवढं विचारून होईतो त्याच्या विमानाची वेळ झालेली असायची. मला खरे भेटले ते वाचक, थिएटरचे मॅनेजर आणि अमीनाबादचे एक अस्तरवाले. किस्सा त्या अस्तरवाल्यांचा आहे, आणि त्यात मी काही चांगली दिसत नाही. तरीही छापणार असाल तर छापा.

आधी धंदा सांगते. मी इथल्या एका हिंदी दैनिकात सिनेमाची परीक्षणं लिहायची. आम्ही नागपूरचे. बाबा टेलिफोन खात्यात होते, त्यांच्या बदलीबरोबर आलमबागच्या क्वार्टरमध्ये आलो आणि इथलेच झालो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. बाबांचं काम नव्या लाइनचे खांब तपासून सही करायचं. उन्हातान्हात ते प्रत्येक खांबापर्यंत चालत जायचे. सोबतचे म्हणायचे, "साहब, कागज़ पे सब लिखा है, गिन के क्या करेंगे?" बाबा मला सांगायचे, "बेटा, न बघितलेल्या खांबावर सही करायची नसते. तो पडला तर आपल्या नावानं पडतो." मला नोकरी लागली तेव्हा मात्र ते हसलेच. "सिनेमे बघायचा पगार देतात?" म्हणाले. पण शनिवारचा पेपर सगळ्यात आधी त्यांच्या हातात असायचा.

पगार बघण्याचा नसतो, चार वाजेपर्यंत लिहून देण्याचा असतो. शुक्रवारी सकाळी साडेनऊचा पहिला खेळ. बारा-साडेबाराला बाहेर. चारला साडेचारशे शब्द डेस्कवर. अंधारात टिपणं काढायची एक युक्ती असते. डाव्या हाताचा अंगठा ओळीच्या सुरुवातीला ठेवायचा आणि ओळ संपली की अंगठा एक बोट खाली सरकवायचा. सुरुवातीला मी ते शिकले नव्हते, तेव्हा उजेडात वही उघडली की सगळ्या ओळी एकमेकींच्या अंगावर पडलेल्या असायच्या, आणि मी त्यातून जे वाचता येईल ते मत म्हणून छापायची.

परीक्षणाचा साचाही ठरलेला. पहिल्या परिच्छेदात गोष्ट, पण शेवट सांगायचा नाही. मग हिरो-हिरॉइन, मग दिग्दर्शन, मग गाणी. सगळ्यात शेवटी, जागा उरली तर, बाकीचे. 'बाक़ी कलाकार ठीक हैं' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, मला आठवतही नाही. त्या 'बाकी'त कोण कोण असतं याचा विचार करायला शुक्रवारी कुणाला वेळ असतो?

वाचकांचं म्हणाल तर ते आपल्यापेक्षा हुशार. अलीगंजला एक निवृत्त हेडमास्तर होते, श्रीवास्तवजी. दर शनिवारी नऊच्या ठोक्याला फोन.

"मैडम, आपने डेढ़ सितारा दिया है. मतलब नाच-गाना ठीक-ठाक है?"

"है."

"मार-पीट?"

"बहुत है."

"बस, शाम को जाते हैं."

मी चार तारे दिले की ते विषादानं म्हणायचे, "फिर तो इस हफ़्ते घर पर ही रहेंगे." मी नेमानं चुकते यावर त्यांचा गाढ विश्वास होता, आणि एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणीच टाकला नाही. आणखी एक बाई होत्या. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "सास-ससुर के साथ बैठ के देख सकते हैं?" माझ्या मते सगळ्या समीक्षेत मिळून खरा प्रश्न हा एवढाच.

तर परीक्षण वाचून कुणी सिनेमाला जात नाही आणि जायचं थांबतही नाही. ते जीव ओतून वाचतात फक्त ज्यांच्याबद्दल त्यात लिहिलंय ते. मुंबईच्या हिरोला लखनऊचा पेपर मिळतही नसेल. पण गेल्या काही वर्षांत इथं सिनेमांचं शूटिंग वाढलं, आणि प्रत्येक सिनेमात दोन-चार इथले लोक दिसायला लागले. कुणी हवालदार, कुणी जज, कुणी मुलीचा मामा. चाळीस-चाळीस वर्षं इथल्या नाटकांत कामं केलेली ही माणसं. पडद्यावर यायला त्यांना आयुष्यात एकदा तीन मिनिटं मिळायची. त्यांच्या घरी शनिवारचा पेपर कसा उघडला जात असेल, हे मला फार उशिरा कळलं.

आता ती चूक. आमच्या धंद्यात तिला चूक म्हणत नसत, सोय म्हणत. एका शुक्रवारी दोन मोठे सिनेमे आले तर एका माणसानं चारपर्यंत दोन्ही बघून दोन्ही लिहायचे कसे? त्यावर मी आणि दुसऱ्या पेपरातला दीक्षित यांनी तोड काढली होती. एक त्यानं बघायचा, एक मी. एक वाजता थिएटरसमोरच्या चहावाल्याकडे भेटायचं आणि अदलाबदल करायची. तो त्याच्या सिनेमाची गोष्ट, कोण कसा, गाणी किती, सगळं सांगायचा. मी माझ्याची सांगायची. मग दोघंही दोन्ही सिनेमांवर लिहायचो. शब्द वेगळे, तारे एखाद्या अर्ध्यानं वेगळे. कुणाला कधी पत्ता लागला नाही. आम्हाला तर यात एक प्रकारचा अभिमानही होता, बघा आम्ही कसे निभावून नेतो म्हणून.

सातेक वर्षांपूर्वीच्या अशाच एका शुक्रवारी इथंच शूटिंग झालेला एक सिनेमा दीक्षितच्या वाट्याला गेला. चहा पिता पिता तो म्हणाला, "फ़िल्म अच्छी है यार, साढ़े तीन दे दो. बस थाने वाले सीन में एक बुड्ढा है, उसने बहुत ओवर किया है. छाती पीटे जा रहा है." मी लिहून घेतलं. साचेबंद कौतुकात एखादा टोमणा असला की परीक्षण बघून लिहिल्यासारखं वाटतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून मी शेवटी 'बाक़ी कलाकार ठीक हैं' याच्या पुढे आणखी एक वाक्य घातलं: 'थाने वाले दृश्य में बुज़ुर्ग अभिनेता अति कर गए हैं.' शनिवारी ते माझ्या नावानं छापून आलं.

बुधवारी दुपारी ऑफिसच्या शिपायानं सांगितलं, कुणी भेटायला आलंय. साठी ओलांडलेले गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा कुर्ता, हातात कापडी पिशवी. बसा म्हटलं तरी आधी उभ्याउभ्याच नमस्कार केला.

"मैडम, हमारा नाम किशोरीलाल है. अमीनाबाद में अस्तर की दुकान पर काम करते हैं. शाम को थोड़ा नाटक-वाटक." पिशवीतून त्यांनी माझ्या परीक्षणाचं कात्रण काढलं. नीट चार घड्या केलेलं. "ये जो थाने वाला बुज़ुर्ग है, वो हम हैं."

मला वाटलं, आता भांडणार. भांडणारे येतात. मी चहा मागवला, चहानं माणूस जरा मवाळ होतो. पण ते भांडायला आलेच नव्हते. खुर्चीच्या कडेवर बसून, शाळेतला मुलगा पेपर दाखवायला आणतो तसं ते कात्रण माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "आपने इतने साल में इतनी फ़िल्में देखी हैं. बस इतना बता दीजिए कि अति कहाँ हुई. चेहरे में, कि आवाज़ में? पता चल जाए तो आगे सुधार लेंगे."

खरं सांगायची ती वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. 'मी सिनेमा बघितलेला नाही' हे चार शब्द. पण त्या चार शब्दांमागे इतक्या वर्षांची नोकरी उभी होती, आणि दीक्षित, आणि न जाणो अशी आणखी किती परीक्षणं. दीक्षित छाती पिटण्याबद्दल बोलला होता ते मला आठवलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, "हाथ. हाथ थोड़े ज़्यादा चल रहे थे. कैमरे के सामने इतने की ज़रूरत नहीं होती."

किशोरीलालजींनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हाथ. जी, अच्छा. ध्यान रखेंगे." चहा संपवला, कप-बशी कडेला सरकवून ठेवली, कात्रण परत चार घड्या करून पिशवीत ठेवलं आणि आभार मानून गेले. मी मोकळा श्वास घेतला. केवढा समजूतदार माणूस, असं मी घरी जाऊन सांगितलंसुद्धा.

पुढं नाटकवाल्यांकडून कानावर आलं की किशोरीलालना सिनेमावाल्यांचं बोलावणं पुन्हा आलं नाही. शूटिंगसाठी इथली माणसं जमवून देणारा एक जण होता, तो अशी कात्रणं जपून ठेवतो म्हणे. माझ्या त्या ओळीमुळं झालं की दुसऱ्याच कशामुळं, हे मला सांगता यायचं नाही. तेव्हा मी चौकशी केली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्यानंतर मी अमीनाबादला गेले की अस्तराच्या गल्लीतून जायचं टाळायची, एवढं मात्र खरं.

मी निवृत्त झाले. आता माझी मुलगी प्रज्ञा मला फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसवते आणि नव्या सिनेमांवर बोलायला लावते. तिच्या बँकेला सुट्टी असते त्या दिवशी हा उद्योग. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आणि आमचं बरं चालतं. गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं टीव्हीवर एक सिनेमा लावला.

"आई, इसका रिव्यू तो तुमने किया था ना? देखो, कितना प्यारा लखनऊ दिखाया है."

तो तोच सिनेमा होता. मी उठून आत जाणार होते, गेले नाही.

मध्यंतरानंतर पोलीस ठाण्याचा प्रसंग आला. बाकावर एक दाढीवाला म्हातारा छाती पिटत रडत होता, त्याची म्हैस चोरीला गेलेली. दीक्षितचा 'बुड्ढा' तो होता. मला हसू आलं, आणि त्याच क्षणी दारातून किशोरीलालजी आत आले.

ठाण्यात दोन म्हातारे होते.

सिनेमात त्यांचा मुलगा अपघातात गेलेला असतो आणि ते त्याची स्कूटर सोडवायला आलेले असतात. मुलाचं हेल्मेट त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. इन्स्पेक्टर विचारतो, ते हळू आवाजात उत्तर देतात. नाव. पत्ता. नातं काय. मग इन्स्पेक्टर रजिस्टर पुढे सरकवून म्हणतो, सही करा. सही करायची तर हेल्मेट कुठंतरी ठेवायला हवं. ते टेबलाकडे बघतात, टेबलावर फायलींचा ढीग. खाली फरशीकडे बघतात. तिथं ते ठेवत नाहीत. नुसते उभे राहतात. बराच वेळ. शेवटी इन्स्पेक्टर स्वतः उठतो आणि त्यांच्या हातांतून हेल्मेट आपल्या हातांत घेतो. एवढाच प्रसंग. तीन मिनिटांत त्या माणसाचे हात एकदाही हलले नाहीत.

प्रज्ञा म्हणाली, "आई, क्या हुआ? रो क्यों रही हो? अच्छा सीन है, पर इतना भी..." मला पडद्यावरचा मुलगा गेल्याचं रडू येत नव्हतं. मला माझ्या ऑफिसच्या खुर्चीच्या कडेवर बसलेला माणूस दिसत होता. मी 'हाथ' म्हटल्यावर त्यानं आधी आपल्या हातांकडे आणि मग माझ्याकडे का बघितलं, ते मला सात वर्षांनी कळलं. त्याला तिथंच कळलं होतं. आणि त्यानं चहा संपवून माझे आभार मानले होते.

संध्याकाळी प्रज्ञाला सगळं सांगितलं. तिनं फोनवर ते जुनं परीक्षण काढून दाखवलं. अजून आहे ते, माझ्या नावासकट. मी जुन्या डेस्कला फोन केला. तिथला नवा माणूस अदबीनं म्हणाला, "मैडम, नाम-पता ग़लत हो तो सुधार देते हैं. राय का भूल-सुधार कैसे छापें?" त्याचं बरोबर होतं. आणि ते माझं मत नव्हतंच, हे मी त्यालाही सांगू शकले नाही. बाबा असते तर त्यांना काय तोंड दाखवलं असतं, असं वाटत राहिलं. त्यांच्या लेकीनं खांब न बघता सही केली होती, आणि खांब दुसऱ्याच माणसावर पडला होता.

दोन दिवसांनी रिक्षा करून अमीनाबादला गेले. अर्ध्या वाटेत रिक्षा अडकली, उरलेलं चालत. गल्लीत अस्तराची पाच-सहा दुकानं, पण विचारावं लागलं नाही. किशोरीलालजी गादीवर बसून एका बाईला करड्या रंगाच्या चार छटा दाखवत होते. केस पूर्ण पिकलेले. मला बघून लगेच ओळखलं.

"आइए मैडम, आइए. क्या दिखाएँ?"

मी ती गिऱ्हाईक बाई जाईपर्यंत थांबले. मग एका दमात सांगून टाकलं. सिनेमा बघितला नव्हता, दुसऱ्यानं सांगितलं ते लिहिलं, त्यानं सांगितलं तेही तुमच्याबद्दल नव्हतं, आणि मी 'हात' म्हटलं तेही तोंडाला येईल ते. माफी मागितली. चारचौघांत रडायचं नाही असं ठरवून गेले होते, ते काही जमलं नाही.

ते कापडाची घडी घालत ऐकत होते. घडी पूर्ण झाल्यावर म्हणाले, "हम तो उसी दिन समझ गए थे. आपने हाथ कहा, और हाथों में तो हेल्मेट था."

"फिर आपने कहा क्यों नहीं?"

"कैसे कहते? आप चाय पिला रही थीं."

तेच पुढं म्हणाले, "अति लिखा, उसका मलाल नहीं हुआ मैडम. हमने तो उस सनीचर को दस अख़बार ख़रीद लिए थे, बिना पढ़े. रिश्तेदारों में बाँटने को. चलो, बुरा लगा होगा किसी को, हो जाता है. दुख आपके दफ़्तर से लौटते हुए हुआ. सारे रास्ते यही सोचते रहे कि इन्होंने देखी नहीं, तो फिर देखी किसने?"

त्यांनी घडी मागच्या फळीवर ठेवली. मग त्यांनीच हलक्या आवाजात विचारलं, "अब तो देख ली न? तो बताइए. कैसा था?"

आणि मी त्यांना परीक्षण सांगितलं. डेस्क नाही, चार वाजायची घाई नाही, शब्दांची मर्यादा नाही. दारातून आत येताना ते पायरीपाशी किंचित थबकतात ते सांगितलं. म्हैसवाल्याच्या रडण्याकडे ते एकदाच, जरा हेव्यानं बघतात, तेही सांगितलं. त्यावर ते एकदम पुढे झुकले. "आपने वो पकड़ा? वो हमने अपने मन से किया था. डायरेक्टर को भी नहीं बताया था." त्यांचा चेहरा असा फुलला की शेजारचा दुकानदार बघायला लागला. फरशीकडे बघून हेल्मेट न ठेवण्याबद्दल मी बोलले तेव्हा मात्र ते नुसती मान हलवत राहिले.

शेवटी कापड बांधायच्या खाकी कागदाचा एक तुकडा फाडून त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि कानावरची पेन्सिल दिली. "दो लाइन लिख दीजिए. घर में दिखाएँगे."

मी लिहिलं, 'थाने वाले दृश्य में किशोरीलाल ने बेहद अच्छा काम किया है. पूरे दृश्य में उनके हाथ नहीं हिलते, और देखने वाला उन हाथों से नज़र नहीं हटा पाता.' खाली सही केली. बघून केलेली सही.

त्यांनी चष्मा लावला. एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं, आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"मैडम, ये 'बेहद' काट दीजिए," ते म्हणाले. "अति हो रही है."

मी काटला.